ओसरीवरचा इतिहास : वाकळ, काचकाम आणि क्रोशा

 

आज आपण इतिहासावर बोलणार आहोत. इतिहास म्हटलं की आपल्याला कंधारचा किल्ला आठवतो, १७६० ची उदगीरची लढाई आठवते, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं तो दिवस आठवतो. हे सगळं पुस्तकात आहे, आणि ते असायलाच पाहिजे. पण आपल्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत जे आहे, ते कोणत्या पुस्तकात आहे? आजीच्या लुगड्याची वाकळ, लग्नाच्या रुखवतात मांडलेलं क्रोशाचं तोरण, तांड्यावरच्या बाईची काचा-कवड्यांची कांचळी. हेही कुणीतरी, कधीतरी, काहीतरी मनात ठेवून केलेलं आहे. मग तो इतिहास नाही का?

जात्यावरच्या ओव्यांचं नशीब जरा बरं निघालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन या दोघांनी सोबत्यांना घेऊन गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, लिहून ठेवल्या. म्हणून आज आपल्याला कळतं की जात्याशी बसलेली बाई कुणाला काय सांगत होती. सुईने जे सांगितलं गेलं, ते असं कुणी उतरवून घेतलं नाही. वाकळ अंगावर घेतली, झिजवली, आणि शेवटी तिचं पोतेरं झालं. म्हणून तिचा इतिहास आपल्यालाच आठवून सांगावा लागतो.

सुरुवात आपल्या गोदावरीपासून करू. नांदेडच्या वरच्या अंगाला, परभणी जिल्ह्यात, गोदाकाठी गंगाखेड आहे. ते संत जनाबाईंचं गाव. जनाबाईंची एक कथा आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकली आहे. विठ्ठल जनीच्या घरी रात्री निजला. काकड्याची वेळ झाली तसा घाईघाईने उठून निघाला. घाईत त्याचा शेला आणि गळ्यातलं पदक जनीकडेच राहिलं, आणि अंगावर आली जनीची वाकळ. सकाळी बडवे बघतात तो देवाच्या खांद्यावर ठिगळांची वाकळ! जनीवर पदकाच्या चोरीचा आळ आला, तिला सुळावर द्यायला नेलं, आणि सुळाचं पाणी झालं.

कथा खरी की खोटी हा वाद आपण घालायचा नाही. आपण बघायचं ते एवढंच, की दासी म्हणून राबणाऱ्या बाईजवळ देवाला देण्यासारखं काय होतं? वाकळ होती. आणि ती वाकळ जनीची आहे हे बघणाऱ्यांना लगेच समजलं. त्यावर नाव लिहिलेलं नव्हतं. बाईची वाकळ तिच्या टाक्यांवरून, तिच्या लुगड्याच्या तुकड्यांवरून ओळखू येते, हे त्या काळच्या सांगणाऱ्याला ठाऊक होतं.

आता वाकळ होते कशी ते आपल्यातल्या थोरल्या जणींना सांगायला नको, पण धाकट्यांसाठी सांगतो. आत जुन्या धोतरांचे, फाटक्या लुगड्यांचे थर. वरून त्यातल्या त्यात चांगलं लुगडं. ते सगळं अंगणात नाहीतर ओसरीवर पसरायचं, सुरकुती काढायची, कडा दुमडायच्या आणि मोठ्या सुईने धावदोरा घालत कडेकडेने मध्याकडे यायचं. एवढं मोठं अंथरूण एकटीने ओढत शिवणं जिकिरीचं असतं. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला जाऊ, समोर शेजारची काकी, असं बसलं की ते पटकन उरकतं. उन्हाळ्यात रानातली कामं कमी झाली की हे काम निघतं. आणि घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर, ओढ्यावर धुवायला निघतात, तेव्हा कुणाच्या घरात काय शिवलं गेलं हे सगळ्या गावाला दिसतं.

म्हणजे वाकळ ही मुळातच चार जणींची वस्तू. चार जणी समोरासमोर बसल्या, डोळे खाली सुईवर, हात गुंतलेले. अशा वेळी जे बोलणं निघतं ते एरवी निघत नाही. तोंडाकडे बघून जे सांगता येत नाही, ते टाक्याकडे बघत सांगता येतं. “हे लुगडं आईचं. आई गेली तेव्हा भावजयीनं मला एवढंच दिलं.” एवढं बोलून बाई पुन्हा दोरा ओवायला लागते. बाकीच्या जणी काही म्हणत नाहीत. फक्त तो तुकडा जरा मधोमध, नजरेला येईल असा ठेवतात. झालं सांत्वन.

आपल्याच भागातल्या तांड्यांवर चला. किनवट, माहूर, मुखेड, जळकोट, अहमदपूर या भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. एके काळी हा समाज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरायचा. आगगाडी आली आणि ते काम गेलं. पुढे १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला, आणि त्याच्या जोरावर कितीतरी फिरत्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. त्या सगळ्या पडत्या काळातही तांड्यावरच्या बायांनी फेटिया आणि कांचळीवरचं काम सोडलं नाही. काचा, कवड्या, नाणी, रंगीत दोरा. फिरत्या माणसाला भिंत नसते, म्हणून बाईने आपलं घर अंगावरच्या कापडावर मांडलं असं म्हटलं तरी चालेल. लेक सासरी निघताना म्हणायची रडगाणी बंजारा समाजात आहेत, त्यांना ढावलो म्हणतात. थोरल्या बायांकडून मुलगी सुई शिकते तशी हे रडणंही शिकते. रडण्यालाही चाल लागते, सोबत लागते, हे त्या बायांना आपल्या आधी कळलं होतं.

आता येऊ क्रोशाकडे. वाकळ आपल्या मातीतली, क्रोशा बाहेरून आला. शब्दच परका आहे. फ्रेंच भाषेत क्रोशे म्हणजे छोटी आकडी. आपण ज्याला क्रोशाची सुई म्हणतो ती खरं तर आकडीच.

हा क्रोशा दुःखाच्या पोटी जगभर गेला. १८४५ साली आयर्लंड देशात बटाट्यावर रोग पडला. तिथल्या गरिबांचं पोट बटाट्यावर. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं गेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली. तेव्हा तिथल्या मठांतल्या जोगिणींनी मुलींना, बायांना क्रोशाची जाळी विणायला शिकवली. ती विकून घरात चार पैसे येऊ लागले. त्या कामाची रीत ऐकण्यासारखी आहे. एकीने गुलाब विणायचा, दुसरीने पान, तिसरीने वेल, आणि सगळे नग गोळा झाले की कसबी बाईने ते बारीक जाळीने एकमेकांना जोडायचे. आपली वाकळ आणि त्यांची जाळी, दोन्हींत तुकडे आहेत आणि जोडणारी आहे.

आपल्या देशात क्रोशा आणि जाळीचं काम एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायांबरोबर पसरलं. पुढे मुलींचं शिक्षण सुरू झालं तसं शिवण-विणकाम हा त्या शिक्षणाचाच भाग झाला. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन काढलं, तिथे बायांना शिवणकाम शिकवलं जायचं. ज्यांना कुणाचा आधार नाही त्यांना हाताला काम मिळावं हा हेतू. मुली शाळेत पाठवायला घाबरणारे आईबापही विणकामाचं नाव काढलं की तयार होत. म्हणजे सुईचं बोट धरून कितीतरी मुली पाटीपर्यंत पोचल्या. पण “मुलीला विणकाम आलं, बस झालं, आता पुस्तक कशाला?” असंही त्याच घरांत म्हटलं गेलं. सुईने दार उघडलं आणि कधी कधी त्याच सुईने ते अडवलंही. दोन्ही गोष्टी आपण लक्षात ठेवू.

आपल्याकडे गावागावांत क्रोशा आला तो शाळेतल्या विणकामाच्या तासाला, मासिकांत छापलेल्या नमुन्यांवरून, आणि सगळ्यात जास्त हातातून हातात. शहरातून सून आली, तिने शिकवलं. बाई आजोळी गेली, मामीकडून अननसाचा नमुना घेऊन आली. साखळी, खांब, मुका खांब ही नावं आपल्याच बायांनी रुळवली. एका टाक्याला मुका म्हणणाऱ्या बाईला काय सुचलं असेल बघा!

हा क्रोशा आपल्या बायांना इतका का मानवला? त्याचं कारण त्याच्या रचनेत आहे. दोन सुयांवरच्या विणकामात पुष्कळ टाके एकाच वेळी सुईवर असतात, सुई निसटली तर पंचाईत. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो. दूध उतू चाललं, लेकरू उठलं, सासऱ्यांनी पाणी मागितलं, तर तो फास जरा मोठा करून ठेवून द्यायचा आणि उठायचं. परत आलं की तिथूनच पुढे. बाईचा दिवस तुकड्यातुकड्यांचा असतो, आणि क्रोशा त्या तुकड्यांत बसतो. शिवाय चुकलं तर दोरा ओढून उसवता येतं, कापड वाया जात नाही, दोरा तसाच्या तसा परत मिळतो. आयुष्यात अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

मन आणि हात यांचं नातं क्रोशात लपत नाही. राग असला की दोरा ताणला जातो, टाके घट्ट बसतात, रुमाल कडेला वाटीसारखा वर येतो. मन सैल असलं की टाकेही सैल. एकाच नमुन्याचे, एकाच दोऱ्याचे दोन चौकोन दोघींनी विणले, तर ते कधीच तंतोतंत सारखे येत नाहीत. जाणती बाई नुसता रुमाल हातात घेऊन विचारते, “काय गं, हे कधी विणलंस? तेव्हा बरं नव्हतं का घरी?”

आपल्याकडे या कामाचं मोठं प्रदर्शन म्हणजे रुखवत. लग्नात मांडवाच्या एका बाजूला टेबल लावून मांडलेलं. दारावरचं तोरण, ताटावरचा रुमाल, उशीच्या अभ्र्याची जाळी, पाण्याच्या तांब्यावरचं झाकण. पाहुणे बघतात आणि म्हणतात, “पोरीच्या हातात कला आहे.” पण ते सगळं एकट्या पोरीचं नसतं. तोरण मावशीचं असतं, रुमाल आत्याच्या लेकीने रात्री जागून पुरा केलेला असतो, मैत्रिणीने मोत्यांची कड लावलेली असते. तिला सासरी पाठवणाऱ्या सगळ्या जणी त्या टेबलावर हजर असतात. हुंड्याच्या याद्या पुरुष लिहितात, ही यादी बाया विणतात. रुखवताचंही ओझं होतं, देण्याघेण्याची चढाओढ होते, हे आपण नाकारायचं नाही. पण चढाओढ बाजूला काढली की खाली उरते ती माया.

तसंच बाळंतविड्याचं. झबलं, टोपरं, दुपटं, पायमोजे. काही घरांत बाळ येण्याआधी त्याचं काही करून ठेवत नाहीत. मनात धाकधूक असते. एखादीचं आधीचं मूल दगावलेलं असतं. मग तिची आई लोकर आणून ठेवते पण विणत नाही. बाळ सुखरूप झालं की रात्रीत टोपरं तयार होतं. त्या न विणलेल्या लोकरीतही आईचं भय असतंच.

सुखाच्या गोष्टी झाल्या. आता किल्लारीची आठवण काढल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं झोपलेली. पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना जमीन हलली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीची जड माळवदं, ती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. त्या माळवदांखाली पेट्याही गेल्या. भांडी, धान्य, गुरं यांचे पंचनामे होतात. आईच्या लुगड्याची वाकळ कोणत्या रकान्यात लिहायची? वाकळ शिवायला घरात जुनं काही असावं लागतं. ज्या घरातलं जुनंच गाडलं गेलं, त्या बाईपाशी दुःख होतं आणि ते ज्यात शिवावं ते कापड नव्हतं.

पण त्याच भूकंपानंतर आणखी एक गोष्ट घडली. घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं काम गावोगाव निघालं, तेव्हा महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं. घर कसं बांधलं म्हणजे पडणार नाही, सरकारची मदत कशी मिळते, हे त्या बाया घरोघरी समजावून सांगू लागल्या, बैठका घेऊ लागल्या. लोकांना नवल वाटलं, की चुलीपाशी बसणाऱ्या बाया सभेत कशा बोलतात? आम्हाला त्यात नवल वाटत नाही. ओसरीवर वाकळ शिवताना चार जणींचं ऐकून घ्यायचं, एकीचं सांभाळून दुसरीला बोलू द्यायचं, भांडण टाक्यावर आणून मिटवायचं, ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालूच होती. तिला सभा हे नाव नव्हतं, एवढंच.

दूरच्या चिली देशातही असंच झालं. तिथे १९७३ साली लष्कराने सत्ता घेतली. कितीतरी माणसांना पकडून नेलं, ती परत आलीच नाहीत. त्यांच्या आया, बायका राजधानीत चर्चच्या आसऱ्याने एकत्र बसू लागल्या आणि गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं करू लागल्या. रिकामी खुर्ची, तुरुंगाचं दार, “आमची माणसं कुठे आहेत?” हा प्रश्न. काहींनी तर हरवलेल्या माणसाच्या कपड्याचे तुकडे त्यात शिवले. उघड बोलायची सोय नव्हती. बायांचं शिवणकाम म्हणून सुरुवातीला कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही, आणि ती चित्रं देशाबाहेर पोचली.

आता आजच्या आपल्या प्रश्नाकडे येऊ. आपली ही गोदावरी नांदेडवरून पुढे तेलंगणात जाते, तिथून आंध्रात, आणि समुद्राला मिळण्याआधी तिच्या एका फाट्यावर नरसापूर नावाचं गाव लागतं. तिथलं क्रोशाचं काम जगभर जातं. २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या बायांवर मारिया मीस या जर्मन बाईंनी अभ्यास करून १९८२ साली पुस्तक काढलं. त्यांना काय दिसलं? बाया दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणतात. माल परदेशात जातो, व्यापारी मोठे होतात. आणि या बाया? त्या कामगार म्हणून मोजल्याच जात नाहीत. “घरी बसून फावल्या वेळात करतात” असं म्हणून मजुरी अगदी थोडी. प्रत्येक जण आपापल्या घरात एकटी, म्हणून दुसरीला काय मिळतं हे हिला ठाऊक नाही.

बायांनो, इथेच आमचं म्हणणं आहे. वाकळ आपल्याला एकत्र बसवायची, कारण ती एकटीने होत नव्हती. क्रोशा पिशवीत मावतो, एकटीने होतो. ती त्याची सोय आहे आणि तोच त्याचा धोकाही आहे. आज आपल्या गटांना तोरणांची, वाकळांची, बाळाच्या टोपऱ्यांची मागणी येते. मोबाइलवर फोटो येतो, “अशाच शंभर करा.” प्रत्येक जण माल घरी घेऊन जाते आणि रात्री दिव्याखाली एकटी विणत बसते. पैसे येतात, ते हवेतच. पण ओसरी गेली तर दोन गोष्टी जातील. एक म्हणजे मनातलं सांगायची जागा. आणि दुसरी, दाम ठरवायची ताकद.

दामाचा हिशेब एकदा सगळ्यांनी मिळून मांडा. समजा तोरणाला दोरा २०० रुपयांचा लागला, विणायला ४० तास लागले आणि तोरण ६०० रुपयांना गेलं. दोरा वजा करून उरले ४००. म्हणजे तासाला १० रुपये. रानात खुरपायला गेलं तर काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. हा हिशेब एकटी बाई घालत नाही, घातला तर स्वतःलाच दोष देते, “माझाच हात हळू.” चार जणी मिळून घातला की कळतं, हात हळू नाही, भाव कमी आहे.

म्हणून आमचं तीन गोष्टींचं सांगणं आहे. आठवड्यातून एक दुपार विणकाम घेऊन एकत्र बसा, मग ती समाजमंदिरात असो की लिंबाखाली. मागणीचं काम असलं तरी तिथे बसून करा, आणि किती तास लागले ते गटाच्या वहीत लिहा. दुसरं, घरातली सगळ्यात जुनी वाकळ, तोरण किंवा कांचळी बाहेर काढा आणि घरातल्या थोरल्या बाईला विचारा, हा तुकडा कुणाचा? हे कुणी, कशासाठी केलं? तिचं बोलणं मोबाइलवर भरून ठेवा, आम्हाला पाठवा, आम्ही ते ऐकवू. आणि तिसरं, यापुढे जे काही शिवाल, विणाल, त्याच्या मागच्या कोपऱ्यात दोऱ्याने आपलं नाव, गाव आणि साल घाला. दोन ओळींचं काम आहे, एक रात्रही लागत नाही.

जनीची वाकळ देवाच्या खांद्यावर असतानाही ओळखू आली, कारण तिला ओळखणारी माणसं आसपास होती. आपल्या नातींना आपला टाका ओळखता येईल याची हमी नाही. त्यांना निदान नाव तरी वाचता येऊ द्या.